जवाच्या दाण्यात बनवलेलं ईजीएफ घ्यावं का? रॉ पेशींत टीएनएफ वाढतोय

दगडीपाला_नांदेड

नमस्कार. मी नांदेडला पीएचडी करते, तिसरं वर्ष चालू आहे. विषय दगडी पाला. आमच्याकडे कंधार तालुक्यात विळ्याने बोट कापलं की बांधावरचा दगडी पाला तळहातावर चोळायचा आणि रस जखमेवर पिळायचा. आजीने माझ्या गुडघ्यावर कितीदा पिळला असेल याचा हिशोब नाही. तो रस पेशींवर नेमकं काय करतो हे मला बघायचं आहे.

काम दोन भागांत आहे. एक, हाकॅट या माणसाच्या त्वचेच्या पेशींच्या थरावर टिपने ओरखडा मारून तो किती तासांत भरतो ते मोजायचं. दोन, रॉ २६४.७ या उंदराच्या मॅक्रोफेज, म्हणजे रोगप्रतिकारक, पेशींत दाह वाढतो की कमी होतो ते टीएनएफ या दाहाच्या प्रथिनाच्या एलायझा चाचणीने बघायचं. दोन्हीकडे तुलनेला मानवी ईजीएफ, म्हणजे पेशींची वाढ चेतवणारं प्रथिन (ग्रोथ फॅक्टर), वापरते.

हे ईजीएफ ई. कोलाय या जिवाणूत बनवलेलं आहे, १०० मायक्रोग्रॅमची व्हायल. कागदावर ‘शुद्धता ९५ टक्क्यांहून जास्त, एसडीएस-पेजवर’ एवढंच लिहिलंय. त्यांनी सांगितल्याप्रमाणे १ मिलिलिटरमध्ये विरघळवून छोटे हिस्से, म्हणजे अ‍ॅलिकॉट केले. प्रयोगाच्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेतल्या ऑटोक्लेव्ह केलेल्या आरओच्या पाण्यात ते २०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर करते. प्रत्येक वेलमध्ये ९० मायक्रोलिटर मीडिया आणि त्यातलं १० मायक्रोलिटर, म्हणजे शेवटी २० नॅनोग्रॅम. कंट्रोलमध्ये १०० मायक्रोलिटर नुसता मीडिया.

अडचण अशी की नुसतं ईजीएफ टाकलेल्या रॉ पेशींत टीएनएफ कंट्रोलच्या सहापट आलाय. तीनदा केलं, तिन्ही वेळा वाढलेलाच. अर्क टाकलेल्या वेलमध्येही वाढलाय. सर म्हणतात ई. कोलायचं एन्डोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूच्या कवचातलं दाह वाढवणारं संयुग, सोबत आलं असणार, प्रोटीन बदल. एका सिनियर ताईने सांगितलं की आइसलँडमध्ये जवाच्या दाण्यात मानवी ग्रोथ फॅक्टर तयार करतात, त्यात एन्डोटॉक्सिनचा प्रश्नच नाही. किंमत बघितली तर माझ्या वर्षभराच्या कंटिन्जन्सीचा मोठा तुकडा त्यातच जाईल.

म्हणून विचारते. जवातलं ईजीएफ आणि माणसातलं ईजीएफ खरंच तेच का? माझा अर्क वनस्पतीचा आणि तुलनेचं प्रथिनही वनस्पतीतलं, तर रिव्ह्यूअर काही शंका काढेल का? आणि एवढे पैसे घालून माझा टीएनएफचा घोळ सुटेल का?

अजून एक. सुट्टीत घरी हे बोलले तर वडील म्हणाले, “मंग आपल्या जवारीत का न्हाई येत हे?” मला उत्तर देता आलं नाही. कुणाला माहीत असेल तर तेही सांगा, ते दर फोनला विचारतात.

लातूर_सूक्ष्मजीव

ताई, प्रोटीन कुठलंही घ्या, पण मे महिन्यात मागवू नका. माझ्यासोबत झालेलं सांगतो. एफजीएफ-२ (दुसरा एक ग्रोथ फॅक्टर) द्रावणाच्या रूपात मागवलं होतं. पार्सल शुक्रवारी संध्याकाळी कॉलेजात पोचलं, आवक विभागाने सही करून घेतलं आणि टेबलाखाली ठेवून दिलं. शनिवार-रविवार गेला. सोमवारी मी उघडलं तेव्हा जेलचे पॅक कोमट पाण्याच्या पिशव्या झाले होते. एफजीएफ-२ मुळात नाजूक, ३७ अंशाला मीडियात एका दिवसातच त्याचं काम बरंचसं संपतं. आमच्याकडे तर त्या दोन दिवसांत खोलीच चाळीसच्या पुढे होती. पेशी नुसत्या बसून राहिल्या, वाढल्या नाहीत. पुरवठादार म्हणाला आम्ही वेळेत पोचवलं. कॉलेज म्हणालं आम्ही सही केली. पैसे माझ्या प्रकल्पाचे गेले.

तेव्हापासून शीतशुष्क पावडरच घेतो, आणि बुधवारच्या आत पोचेल असंच मागवतो. पावडर एकदोन दिवस उन्हाळा सोसते. ईजीएफ तसं काटक आहे, पण विरघळवल्यावर तेही जपावं लागतं.

आणि कागदावर एन्डोटॉक्सिनचा आकडा नाही म्हणताय, तिथेच मला खटकतंय. ९५ टक्के शुद्धता जेलवरची आहे, एसडीएस-पेज ही जेलचीच चाचणी. जेलला लावलेल्या निळ्या रंगात प्रथिनं दिसतात, एन्डोटॉक्सिन दिसत नाही. त्या शुद्धतेचा आणि याचा काही संबंध नाही.

पेशीघर_संभाजीनगर

तुला ‘तू’ म्हणते, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे. पेशी वाढवण्याचं काम मी १८ वर्षं करतेय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पैसे घालण्याआधी एक हिशोब कर. चांगल्या ई. कोलायच्या ईजीएफवर साधारण ‘१ मायक्रोग्रॅममागे १ युनिटपेक्षा कमी एन्डोटॉक्सिन’ असं लिहिलेलं असतं. तू टाकतेस २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. म्हणजे फार तर ०.०२ युनिट प्रति मिलिलिटर. एक युनिट म्हणजे साधारण १०० पिकोग्रॅम. तेव्हा तुझ्या पेशींना मिळतंय जेमतेम २ पिकोग्रॅम. आमच्या हातात रॉ पेशी साधारण १०० पिकोग्रॅमच्या आसपास ठळक टीएनएफ देऊ लागतात. तेवढं फक्त प्रथिनातून यायचं तर तुझ्या व्हायलमध्ये मायक्रोग्रॅममागे ५० युनिट हवेत. कागदावर आकडाच नाही, त्यामुळे तेही अशक्य म्हणणार नाही. पण सगळा दोष त्या व्हायलवर टाकायच्या आधी तुझंच एक वाक्य पुन्हा वाच.

“ऑटोक्लेव्ह केलेल्या आरओच्या पाण्यात.”

तुझ्या वेलमध्ये दहावा हिस्सा ते पाणी आहे. कंट्रोलच्या वेलमध्ये त्याचा थेंबही नाही. म्हणजे तू ईजीएफची तुलना नुसत्या मीडियाशी केलीच नाहीस. तू ‘ईजीएफ अधिक पाणी’ याची तुलना मीडियाशी केलीस. अर्कही बहुतेक त्याच पाण्यात केला असशील, म्हणून तिथेही वाढ दिसतेय.

ऑटोक्लेव्हने जिवाणू मरतात, एन्डोटॉक्सिन मरत नाही. ते जिवाणूच्या बाहेरच्या कवचातलं मेद आणि साखरेचं संयुग आहे, १२१ अंशाच्या वाफेला ते दाद देत नाही. काचेवरून घालवायचं तर कोरड्या भट्टीत २५० अंशाला अर्धा तास ठेवावं लागतं. जिवाणू मेले की त्यांची कवचं फुटून उलट ते पाण्यात मोकळं होतं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. एका प्रयोगशाळेत मी चार महिने घालवलेत यात. ओट्याखाली पांढरा वीस लिटरचा कॅन असायचा, पाणी संपत आलं की वरून भरायचा, पूर्ण रिकामा कधीच करायचा नाही. एक दिवस तोटी गळायला लागली म्हणून मी तो आडवा केला आणि आत हात घातला. आतली भिंत बोटाला बुळबुळीत लागली, माठ आठ दिवस घासला नाही की लागते तशी. चार महिने मी त्या पाण्यात औषधं विरघळवत होते आणि दाह वाढतोय म्हणून औषधांना दोष देत होते. दोन विद्यार्थ्यांची आकडेवारी टाकून द्यावी लागली. त्यातल्या एकीचं लग्न ठरलं होतं, तिला मुदतवाढ मागावी लागली. म्हणून तुला इतकं कळकळीने सांगतेय.

आता हे कर. मेडिकलमधून इंजेक्शनच्या पाण्याच्या अँप्यूल आण, दवाखान्यात पावडरीची इंजेक्शनं ज्यात मिसळतात ते पाणी. त्याला मिलिलिटरमागे ०.२५ युनिटची मर्यादा असते आणि काही रुपयांत मिळतं. मग एकाच प्लेटवर लाव: नुसता मीडिया; मीडियात १० मायक्रोलिटर तुमचं पाणी; मीडियात १० मायक्रोलिटर अँप्यूलचं पाणी; तुमच्या पाण्यातलं ईजीएफ; अँप्यूलच्या पाण्यातलं ईजीएफ. त्या प्रत्येकाची जोडी पॉलिमिक्सिन बी घालून, १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. पॉलिमिक्सिन एन्डोटॉक्सिनला धरून ठेवतं. ते घातल्यावर टीएनएफ पडला तर गुन्हेगार एन्डोटॉक्सिन. उकळीने प्रथिन मोडतं, एन्डोटॉक्सिन नाही, म्हणून काही जण उकळून बघतात; तो प्रयोग ईजीएफला करू नकोस. या ५३ अमिनो आम्लांच्या साखळीला तीन गंधक-बंधांच्या गाठी आहेत, उकळीलाही ते बऱ्यापैकी टिकतं, त्यामुळे उत्तर गोंधळाचं येईल. आणि पुढे कायमचं, शेवटचं पातळ करणं पाण्यात नाही, मीडियातच करायचं.

आता तुझा मूळ प्रश्न, जव.

होय, ते तेच ईजीएफ आहे. अमिनो आम्लांचा क्रम माणसाचाच असतो, फक्त शिवणारा हात वेगळा. स्टॅनली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथीतून हे वेगळं केलं, १९६२ मध्ये त्याबद्दल लिहिलं. नवजात पिल्लांना ते टोचलं की डोळे दोन आठवड्यांऐवजी सातव्या दिवसाच्या सुमारास उघडायचे आणि दातही लवकर यायचे. त्या कामाला १९८६ चं नोबेल मिळालं, रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासोबत. तेव्हा ते ग्रंथींतून काढत. नंतर जनुक ई. कोलायमध्ये घातलं, यीस्टमध्ये घातलं. वनस्पती ही त्याच ओळीतली पुढची जागा.

आइसलँडची जी कंपनी तुझ्या सिनियरने सांगितली ती ओआरएफ जेनेटिक्स, २००१ मध्ये सुरू झालेली. त्यांचं जव हरितगृहात वाढतं, आणि मानवी जनुकाला असा प्रवर्तक, म्हणजे जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा, जोडलेला असतो की प्रथिन फक्त दाण्याच्या पिठाळ भागात साठतं, पानात नाही, मुळात नाही. दाणा हीच मुळात साठवणुकीची जागा, पाणी कमी, प्रथिनं तोडणारी विकरं झोपलेली. पेवात जवारी ठेवली की कशी वर्षानुवर्षं राहते, तसंच. हवं तेव्हा दळायचं, बफरमध्ये काढायचं, कॉलमवरून शुद्ध करायचं. दुसरी पद्धत पानांची. तंबाखूचं एक ऑस्ट्रेलियन भावंड आहे, निकोटियाना बेंथामियाना. त्याच्या पानांत जनुक पोचवणारा अ‍ॅग्रोबॅक्टेरियम शोषवतात आणि आठवड्याभरात पानं तोडून प्रथिन काढतात. घाईच्या कामाला ती बरी, पण अ‍ॅग्रोबॅक्टेरियम स्वतः ग्रॅम निगेटिव्ह जिवाणू आहे, म्हणजे एन्डोटॉक्सिन घेऊनच येतो. ‘वनस्पतीत बनवलेलं’ एवढ्या दोन शब्दांवर भुलू नकोस. दाण्यातलं की पानातलं ते विचार.

दाण्यातल्या प्रथिनाचा खरा फायदा हा की त्या पेशीत एन्डोटॉक्सिन बनतच नाही. प्राण्यांचा अंशही नाही, त्यामुळे गुरांचे विषाणू वगैरे भीती नाही. पण दळण्यापासून बाटलीपर्यंत पाणी, रेझिन, नळ्या येतातच, तेव्हा जवाच्या बाटलीवरही आकडा बघायचाच. आणि इथे एक चकवा आहे, तो तुझ्या अर्कालाही लागू आहे. एन्डोटॉक्सिन मोजायला एलएएल चाचणी वापरतात, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या त्या समुद्री जीवाच्या निळ्या रक्तापासून केलेली. त्या रक्तात एन्डोटॉक्सिन ओळखणारा फॅक्टर सी आहे, तसाच बीटा ग्लुकन ओळखणारा फॅक्टर जी पण आहे. जव तर बीटा ग्लुकनने भरलेला, आणि वनस्पतींच्या पेशीभित्तीत, सेल्युलोजच्या फिल्टरमध्येही ते सापडतं. साध्या किटवर वनस्पतीचा नमुना टाकला की एन्डोटॉक्सिन नसतानाही चाचणी होकार देऊ शकते. म्हणून बीटा ग्लुकन रोखणारा बफर असलेलं किट घे, नाहीतर नुसत्या फॅक्टर सी वर चालणारं कृत्रिम किट. दगडी पाल्याचा अर्क मोजशील तेव्हा हे विसरू नकोस. बांधावरून तोडलेल्या पाल्यावर मातीतले जिवाणू असतातच, तेव्हा तुझ्या अर्कात खरं एन्डोटॉक्सिनही असेल आणि खोटा होकारही. दोन्ही वेगळे करावे लागतील.

रिव्ह्यूअरची भीती नको. शुद्ध केलेल्या ईजीएफमध्ये दगडी पाल्याचं काही नसतं. वनस्पतींच्या साखरेबद्दल कुणी विचारलं, की वनस्पती प्रथिनांना झायलोज आणि वेगळ्या जोडणीचं फ्युकोज लावते ते कसं, तर सांग की परिपक्व ईजीएफला साखर नसते. तो प्रश्न ज्यांना निसर्गतःच साखर लागते अशा प्रथिनांचा, एरिथ्रोपोएटिनसारख्या. केजीएफ या आणखी एका ग्रोथ फॅक्टरला शरीरात साखर असते, तरी ई. कोलायमधलं साखरेविना बनवलेलं केजीएफ, पॅलिफर्मिन, औषध म्हणून २००४ पासून अमेरिकेत मंजूर आहे आणि काम करतं.

लॉट बदललास की मायक्रोग्रॅमवर विसंबू नकोस, ताकदीवर बघ. कागदावर ‘ईडी५०’, म्हणजे निम्मा परिणाम देणारी मात्रा, शोध. ०.१ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असेल तर त्याचा अर्थ मिलिग्रॅममागे ताकदीचे १ कोटी युनिट (एन्डोटॉक्सिनचे युनिट वेगळे). दहाला तिथल्या आकड्याने भागायचं नाही, दहा लाखाला भागायचं, ही चूक पोरं नेहमी करतात. काही प्रथिनांना हिस्टिडीनची शेपटी जोडलेली असते, ती आहे का तेही बघ आणि पेपरमध्ये लिही. मग स्वतःच्या पेशींवर ०.०१ पासून १०० नॅनोग्रॅमपर्यंत तिपटीच्या पायऱ्यांनी मात्रा लावून आलेख काढ. जुनं आणि नवं, शेजारी शेजारी, त्याच दिवशी, त्याच प्लेटवर.

ओरखड्याच्या प्रयोगातही एक विचारते. त्यावेळी मीडियात सीरम किती ठेवतेस? १० टक्के ठेवत असशील तर सीरममधलेच ग्रोथ फॅक्टर ओरखडा भरून टाकतात, तुझं ईजीएफ त्यात दिसणारच नाही आणि दगडी पालाही नाही. आदल्या रात्री सीरम उतरव. पेशी सरकून भरतायत की वाढून भरतायत हे वेगळं करायचं तर पेशींचं विभाजन थांबवणारं मायटोमायसिन सी आधी दोन तास दे.

आणि व्हायल उघडताना: १०० मायक्रोग्रॅम पावडर डोळ्याला दिसत नाही. काचेच्या तळाला श्वास लागल्यासारखा धुरकट पापुद्रा असतो, कधी तोही नाही. मुली मला आणून दाखवतात, “मॅडम, रिकामी आलीये.” बहुतेकदा ती झाकणाला चिकटलेली असते. आधी सेंट्रिफ्यूजमध्ये अर्धा मिनिट फिरव, मगच झाकण काढ. द्रव भिंतीवरून हळू सोड, हलवू नकोस, दहा मिनिटं तसंच राहू दे. इतकं कमी प्रथिन प्लास्टिकला चिकटून नाहीसं होतं, म्हणून साठवणुकीच्या द्रावणात ०.१ टक्के अल्ब्युमिन घालतात. पण ते रॉ पेशींसाठी असेल तर अल्ब्युमिनही एन्डोटॉक्सिन तपासलेलंच हवं, नाहीतर पुन्हा तेच. लहान अ‍ॅलिकॉट, एकदाच वितळवायचे. बर्फ आपोआप वितळवणाऱ्या घरगुती फ्रीजच्या कप्प्यात ठेवू नकोस, तो दर काही तासांनी स्वतःच गरम होतो. भारनियमन वेगळंच.

परभणी_बीजवाला

वरचं सगळं जपून ठेवण्यासारखं आहे. मी पीक जैवतंत्रज्ञानाचा, त्यामुळे काकांच्या प्रश्नाचं बघतो. प्रश्न अगदी रास्त आहे. दाण्यात प्रथिन साठवायचं असेल तर ज्वारीचा दाणाही दाणाच आहे.

होऊ शकतं का? तत्त्वतः हो. ज्वारीत परकं जनुक १९९३ मध्ये जनुक बंदुकीने आणि २००० मध्ये अ‍ॅग्रोबॅक्टेरियमने बसवून दाखवलेलं आहे. भातात तर मोठं काम झालंय. चीनमध्ये वुहानच्या गटाने २०११ मध्ये मानवी अल्ब्युमिन भाताच्या दाण्यात काढलं, किलोभर असडीक तांदळामागे २.७५ ग्रॅम. अमेरिकेत व्हेंट्रिया बायोसायन्सने भातात लॅक्टोफेरिन आणि लायसोझाइम बनवलं. ज्वारीचं अवघड हे की ती ऊतीसंवर्धनात हट्टी आहे. मालदांडीसारखं वाण तर खूपच. शिवाय तिची साठवणीची प्रथिनं, काफिरिन, एकमेकांना घट्ट धरून बसतात, त्यांतून आपलं प्रथिन सोडवणं जास्त खर्चाचं.

पण खरी अडचण शिवाराची आहे, काका. जवाचं फूल बहुतेक वेळा मिटलेलं असतानाच त्याचं फलन उरकतं, आणि आइसलँडमध्ये त्याच्याशी संकर होईल असे रानटी भाईबंद नाहीत. ज्वारी बऱ्यापैकी स्वपरागीच, तरी काही टक्के परागण वाऱ्यावर होतंच. आणि बांधावर बरू आहे, ज्वारीचाच रानटी भाईबंद. मानवी प्रथिनाचं जनुक बरूत गेलं तर ते कुणाच्या हातात राहणार नाही. शेजारच्याच्या रानात कणीस भरलं तर ती ज्वारी कुणाच्या भाकरीत जाईल? २००२ मध्ये अमेरिकेत नेब्रास्कात हेच झालं. डुकरांच्या लसीसाठीचं प्रथिन बनवणारा मका आदल्या वर्षी लावला होता. त्याचे आपोआप उगवलेले रोप पुढच्या सोयाबीनमध्ये राहून गेले. सुमारे ५ लाख बुशेल सोयाबीन नष्ट करावं लागलं. आपल्याकडे सोयाबीन आणि ज्वारी फेरपालटाने घेतात, तेव्हा हे उदाहरण परकं नाही.

म्हणून खाण्याच्या पिकात असं काही करायचं तर बंद हरितगृहात. आपल्याकडे जनुक बदललेल्या पिकाला १९८९ चे नियम लागतात. संस्थेची जैवसुरक्षा समिती, मग आरसीजीएम ही केंद्राची समीक्षा समिती, शेतात यायचं तर जीईएसी ही मूल्यांकन समिती. बीटी कापूस २००२ मध्ये याच वाटेने आला, जालन्याच्या बियाणे कंपनीच्या भागीदारीतून. शुद्ध केलेल्या प्रथिनाच्या व्हायलला मात्र हे लागू होत नाही, त्यात जिवंत काही नसतं. ताई, तुम्ही मागवताय ते फक्त प्रथिन, बी नाही.

आणि एक गोष्ट काकांना नीट सांगा, कारण बीटी आली तेव्हा लोकांनी फार मोठी आशा लावली होती. हे एकरावर पेरायचं पीक नाही. तुमच्या १०० मायक्रोग्रॅममध्ये २० नॅनोग्रॅमच्या हिशोबाने ५ लिटर मीडिया होतो, एका पीएचडीला तो बराच काळ पुरतो. म्हणजे जगभराच्या प्रयोगशाळांची गरजही तुलनेने थोड्याच धान्यात भागते. पैसा धान्याला नाही मिळत, दाण्यातून प्रथिन काढून शुद्ध करण्याला आणि तपासण्याला मिळतो. ज्वारीच्या भावात त्याने फरक पडणार नाही. ज्वारीवर प्रथिनासाठी नाही पण लोह-जस्तासाठी काम झालंय, परभणी शक्ती हे वाण २०१८ मध्ये आलं. त्यात जनुक बाहेरून घातलेलं नाही, निवड आणि संकरातूनच आहे. काकांना त्याचं बी बघायचं असेल तर मी सांगतो कुठे विचारायचं.

दगडीपाला_नांदेड

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे लागले, पण मॅडमनी सांगितली तशीच प्लेट लावली. दोनदा.

तुमचं पाण्याबद्दलचं खरं निघालं. ईजीएफ न घालता फक्त आमच्या पाण्याच्या वेलमध्येच टीएनएफ जवळपास चौपट. पॉलिमिक्सिनने तो खाली आला. अँप्यूलच्या पाण्याचा वेल मीडियासारखाच. पण अँप्यूलच्या पाण्यातल्या ईजीएफमध्येही थोडी वाढ राहतेच, दीडपटीच्या आसपास, आणि पॉलिमिक्सिनने तीही जाते. म्हणजे पाणी मुख्य, आणि व्हायलही पूर्ण स्वच्छ नाही. पुरवठादाराला एन्डोटॉक्सिनचा आकडा मागितला, दोन मेल केले, उत्तर आलं नाही.

मी आमच्या टाकीतही हात घातला. बुळबुळीत होती. सरांना बोलावून त्यांनाही हात घालायला लावला. त्याच दिवशी टाकी रिकामी करून घासली.

ओरखड्याच्या वेळी मी १० टक्के सीरम ठेवत होते. ते आता अर्ध्या टक्क्यावर आणलंय, आणि ईजीएफच्या वेलमध्ये पहिल्यांदा ओरखडा कंट्रोलच्या आधी भरताना दिसला. ते चित्र मी आईला फोनवर पाठवलं.

जवाचं ईजीएफ १० मायक्रोग्रॅमचं मागवायचं ठरवलंय, फक्त रॉ पेशींच्या भागासाठी. ओरखड्याला जुनंच चालेल, असं मला वाटतं. बरोबर आहे का मॅडम?

पेशीघर_संभाजीनगर

बरोबर आहे. हाकॅटला तेवढ्या एन्डोटॉक्सिनने रॉइतका फरक पडत नाही. पण पेपरमध्ये दोन्ही स्रोत आणि दोन्ही लॉट क्रमांक लिही. आणि आधीच्या तीन वेळच्या टीएनएफच्या आकड्यांचं काय करणार आहेस? ते प्रबंधात घेऊ नकोस, कितीही वाईट वाटलं तरी. अर्काचेही पुन्हा लावावे लागतील, अँप्यूलच्या पाण्यात.

दगडीपाला_नांदेड

हो, अर्काचे बारा नमुने पुन्हा लावतेय. पाला या वेळी तोडून आणल्यावर आधी इंजेक्शनच्या पाण्याने नाही पण निदान ताज्या आरओने तीनदा धुतला आणि सावलीत वाळवला. सोमवारी प्लेट आहे. परभणीच्या दादांना वडिलांनी निरोप सांगितलाय: बी कुठे मिळतं ते सांगा, एक एकर बघू म्हणतात.